जिल्हा परिषदेच्या शाळा दमाने कशा सुधाराव्यात: एका केंद्राचं तीन वर्षांचं वेळापत्रक

नाशिक जिल्ह्यात पंधरा तालुके आहेत आणि शाळेचं वर्ष सगळीकडे सारखं चालत नाही. जुलैत सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीकडे भाताची आवणी आणि भरलेले ओढे यांमुळे पटावरची बरीच मुलं वर्गात नसतात. निफाडला त्याच दिवसांत वर्ग भरलेले असतात. दिवाळीनंतर चित्र उलटं होतं. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांवर काम निघालं की पश्चिम पट्ट्यातली कुटुंबं तिकडे जातात. मुलंही सोबत जातात आणि अनेकदा कुठल्याच हजेरीपटावर उरत नाहीत. सुधारणेचं परिपत्रक मात्र सगळ्यांना एकच, एकाच तारखेचं आणि वर ‘तात्काळ’ लिहिलेलं.

खालची पद्धत एका केंद्रासाठी, म्हणजे जवळजवळच्या शाळांच्या एका गटासाठी आहे. केंद्रप्रमुख, मुख्याध्यापक आणि विस्तार अधिकारी यांनी ती आपापल्या हिशेबाने बदलून घ्यावी. उदाहरण म्हणून ११ शाळा, २८ शिक्षक आणि दुसरी ते पाचवीची ३६० मुलं असं केंद्र धरलं आहे. बहुतेक शाळा द्विशिक्षकी आहेत. सगळ्या योजनेचा वेग ठरवायचा तो त्यातल्या सर्वांत अडचणीच्या द्विशिक्षकी शाळेवरून. रस्त्यालगतच्या सात शिक्षकी शाळेवरून वेग ठरवला की उरलेल्या दहा शाळा सप्टेंबरात मागे पडतात आणि डिसेंबरात कागदावर पुढे जातात.

सुरुवात तालुक्यापासून का करू नये, हा प्रश्न तालुक्याचं शिक्षण पाहणाऱ्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून हमखास येतो. उत्तर साधं आहे: वर्गात मागे बसून अध्यापन पाहणारा, मग स्वतः उभा राहून ते करून दाखवणारा माणूस तालुक्यात किती आहे ते मोजा. असे दोन-तीनच असतील तर तालुक्यात एका वेळी एक किंवा दोन केंद्रंच हाती घेता येतात. बाकीच्या केंद्रांना पुस्तिका आणि दूरस्थ प्रशिक्षण पोचेल, पण वर्ग बदलणार नाही.

आधी कमी करा

जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात एकही नवा उपक्रम सुरू करायचा नाही. त्याऐवजी दोन मुख्याध्यापक आणि दोन साहाय्यक शिक्षक बसवून शाळेत आज चालू असलेल्या प्रत्येक कामाची यादी करा: नोंदवह्या, लिंका, ॲप, दिनविशेष, स्पर्धा, फोटोसह अहवाल, व्हॉट्सॲप गटावर मागितली जाणारी माहिती. प्रत्येकापुढे चार गोष्टी लिहा. कोण मागतं, किती वेळा, आठवड्याला किती मिनिटं जातात आणि ते बंद केलं तर काय अडेल.

यादीतल्या काही गोष्टी हलणार नाहीत. हजेरी, पोषण आहाराची रोजची नोंद, यू-डायस व सरल या सरकारी पोर्टलवरची माहिती, सातत्यपूर्ण मूल्यमापनाच्या नोंदी आणि राज्याच्या नियतकालिक चाचण्या ठेवाव्याच लागतात. त्यांच्याशी भांडण्यात ताकद घालवू नका. हलण्यासारखं बहुतेक काम केंद्राने किंवा बीटाने (विस्तार अधिकाऱ्याकडच्या काही केंद्रांच्या गटाने) स्वतःच वाढवलेलं असतं. वरून आलेल्या तक्त्यात आपले चार रकाने घातलेले असतात, पोर्टलवर भरलेलीच माहिती पुन्हा शीटमध्ये मागितलेली असते, वृक्षारोपणाचे तीन कोनांतून फोटो मागितलेले असतात. हे केंद्रप्रमुखाच्या सहीने बंद होऊ शकतं, वरच्या परवानगीची गरज नाही.

दोन नियम लेखी करा. माहितीची मागणी केंद्रप्रमुखाकडे जमा होईल आणि शाळांना आठवड्यातून एकदाच, शुक्रवारी शाळा सुटताना, एकत्र जाईल. निवडणूक, आपत्ती किंवा न्यायालयीन बाब असेल तरच अपवाद. दुसरा नियम: नवं काही आलं तर जुनं काय थांबणार ते त्याच कागदावर लिहायचं. रकाना रिकामा असेल तर नवं काम सुरू होत नाही.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामांना शिक्षकांना जुंपता येत नाही. कलमाचा हवाला भाषणापेक्षा पत्रात द्या, तिथे तो जास्त उपयोगी पडतो.

गावाचं वर्ष पाहून दिनदर्शिका

पहिली ते पाचवीसाठी कायद्याने २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास ठरवले आहेत. शाळा भरल्याचे दिवस आणि शिकवणं झाल्याचे दिवस यांत मात्र फरक असतो. तो काढायला मागच्या वर्षीचे हजेरीपट घ्या आणि ज्या दिवशी निम्म्याहून कमी मुलं आली किंवा निम्मे शिक्षक बाहेर होते असे दिवस लाल करा. ११ शाळांचे लाल दिवस एका कागदावर उतरवले की केंद्राचं खरं वर्ष दिसतं.

ढोबळ चित्र असं येतं. पश्चिमेकडच्या आदिवासी पट्ट्यात जुलै कच्चा, ऑगस्टच्या मध्यापासून दिवाळीपर्यंतचे दिवस सर्वांत भरवशाचे, दिवाळीनंतर गळती. नांदगाव, येवला, चांदवड, सिन्नरच्या कोरडवाहू गावांतून ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दिवाळीच्या आसपास निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) भागात मार्च-एप्रिलला उन्हाळ कांद्याच्या काढणीत मोठी मुलं शेतात असतात. त्यात चैत्रात सप्तशृंगगडाची यात्रा आणि पौषात त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांची यात्रा. वाटेवरच्या गावांत ते चार-सहा दिवस शाळा नावापुरती असते, तेव्हा दिनदर्शिकेत ते आधीच वजा करा.

या दोन वर्षांत आणखी दोन गोष्टी ठरलेल्या आहेत. जनगणनेतली लोकसंख्येची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे, म्हणजे त्या महिन्यात शिक्षक वर्गात कमी आणि दारोदार जास्त. सिंहस्थाच्या मुख्य पर्वण्या ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये येतात. नाशिक आणि त्र्यंबकेश्वर तालुक्यांतल्या केंद्रांनी त्या दोन महिन्यांवर काहीही महत्त्वाचं टाकू नये. वाहतूक बंद, शाळांच्या इमारती इतर कामांत आणि शिक्षक बंदोबस्ताच्या मदतीला, असं गृहीत धरूनच चालावं.

उरलेल्या वर्षातून दोन सलग टप्पे काढा. पहिला ऑगस्टच्या मध्यापासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंत, सण आणि सत्र परीक्षा वजा जाता सुमारे ५० दिवसांचा. दुसरा दिवाळीनंतर फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. पश्चिम पट्ट्यात पहिला टप्पाच मुख्य धरा आणि दुसऱ्यात नवीन काही घेऊ नका. निफाड-येवल्याच्या बागायती गावांत दोन्ही वापरता येतात. जून-जुलैत मोजणी आणि तयारी, मार्च-एप्रिलमध्ये उजळणी आणि पुढच्या वर्षाची सोय, एवढंच. ज्या योजनेत वर्षाचे बाराही महिने ‘गतिमान’ असतात ती योजना कोणी तरी मुंबई-पुण्यात बसून आखलेली असते.

पहिल्या वर्षी फक्त वाचन

गणित, इंग्रजी, विज्ञान, स्पर्धा परीक्षा हे सगळं नेहमीसारखं चालू राहील. सुधारणेचा जोर मात्र मराठी वाचनावर, दुसरी ते पाचवीसाठी. पाचवीला वार्षिक परीक्षा आणि नापासाची पुनर्परीक्षा आता परत आली आहे. वाचता न येणाऱ्या मुलाला तिथे इतिहासाचाही पेपर देता येत नाही. दोन विषय एकदम घेतले की द्विशिक्षकी शाळेत शिक्षकाची तयारी अर्धी होते आणि दोन्ही विषय अर्धवट राहतात. हे एकट्याचं मत नव्हे, वर्गाची वेळ मोजली की कोणालाही दिसेल.

*मोजणी.* ती एकेका मुलाची, तोंडी आणि कोपऱ्यात बसून घ्यायची. चार कार्डं लागतात: दहा अक्षरं, दहा सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार वाक्यांचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची आठ-दहा वाक्यांची गोष्ट. मजकूर पाठ्यपुस्तकातला नको, कारण मुलं पाठ म्हणून दाखवतात. आधी परिच्छेद द्या. अडखळला तर शब्द, तिथेही अडला तर अक्षरं. परिच्छेद नीट वाचला तर गोष्ट. मूल कोणत्या पायरीवर सहज आहे ते लिहा: आरंभिक, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. गोष्ट वाचणाऱ्यांना एक मिनिट घड्याळ लावून बरोबर वाचलेले शब्द मोजा आणि दोन प्रश्न विचारा. पायाभूत वाचन-गणितासाठीच्या ‘निपुण भारत’ या राष्ट्रीय अभियानाने तिसरीसाठी मिनिटाला किमान ६० शब्द, तेही समजून, अशी पायरी ठरवली आहे. ती कसोटी म्हणून ठीक आहे.

एका मुलाला सरासरी चार मिनिटं धरली तर ३६० मुलांचे २४ तास होतात, म्हणजे एका शाळेला सव्वादोन तास. हे तीन दिवसांत वाटा, एका दिवशी उरकू नका. तिसाव्या मुलापर्यंत शिक्षक थकतो आणि पायरी उदार हाताने देतो.

*मोजणी फुगते ती कुठे?* शिकवणारा, मोजणारा आणि ज्याचा अहवाल पाहून बोललं जाणार तो, हे तिघं एकच असतात तेव्हा. शिक्षक खोटारडा असतो असं नाही. ‘जरा घाबरलाय, एरवी वाचतो’ असं म्हणून एक पायरी वर जाते, एवढंच. उपाय: प्रत्येक शाळेतली पाच मुलं शेजारच्या शाळेचा शिक्षक पुन्हा तपासतो. कोणती पाच, ते हजेरी क्रमांकाने ठरवा, उदाहरणार्थ दर सातवं मूल. केंद्रात अशी ५५ मुलं होतात. पाचांपैकी दोघांच्या पायरीत फरक आला तर त्या शाळेची मोजणी पुन्हा करायची, नोटीस काढायची नाही. एकदा नोटीस निघाली की पुढच्या खेपेला दोन्ही शाळा आकडे आधी जुळवून घेतात. केंद्राचा एकूण आकडा तालुक्याला द्या, शाळानिहाय क्रमवारी कोणालाच देऊ नका. मुलांची नावं पायरीसह भिंतीवर लावण्याची फॅशनही बंद करा.

२२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम आला तेव्हा मोजणी आणि प्रत्येक मूल शिकू शकतं हा आग्रह या दोन्ही गोष्टी योग्य होत्या. पण शाळेला ‘प्रगत’ शिक्का मिळवण्याची घाई झाली की शिक्का आधी आणि मूल नंतर येतं. म्हणून या पद्धतीत कोणत्याही शाळेला कोणताही शिक्का नाही.

*रोजचा तास.* पायरीनुसार गट करून रोज ६० मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. परिपाठानंतरची पहिली तासिका त्यासाठी घेऊ नका. उशिरा येणारी मुलं तेव्हा पोचत असतात आणि मुख्याध्यापक तांदूळ मोजून देण्यात असतात, पहिली ते पाचवीला मुलामागे १०० ग्रॅमच्या हिशेबाने. दुसरी तासिका धरा, म्हणजे जेवणाच्या गडबडीआधी तास पूर्ण होतो.

द्विशिक्षकी शाळेत गट दोनच करा. एक शिक्षक पहिलीची सगळी मुलं आणि वरच्या वर्गांतली आरंभिक व अक्षर पायरीवरची मुलं घेईल. दुसरा शब्द पायरीपासून वरची. पाच पायऱ्यांचे पाच गट कागदावर शोभतात, पण दोन माणसांना ते सांभाळता येत नाहीत. चौथीतलं मूल पहिलीजवळ बसायला लाजतं, ही अडचण खरी आहे. त्यासाठी मोठ्या मुलांना लहानांच्या जोडीला बसवा, खेळाची कार्डं वाटण्याचं काम त्यांच्याकडे द्या, आणि गट बदलण्याची तपासणी दर दहा शाळादिवसांनी घ्या, म्हणजे कोणी तिथे अडकून राहत नाही.

खालच्या गटाचा तास असा लावता येतो. पहिली १० मिनिटं एखाद्या चित्रावर किंवा गावातल्या घडामोडीवर गप्पा, मुलांच्या घरच्या बोलीत. पुढची १५ मिनिटं मजकूर वाचणे: शिक्षक बोट ठेवून मोठ्याने, मग सगळे मिळून, मग जोडीजोडीने. १५ मिनिटं अक्षरांचं काम. १५ मिनिटं लिहिणं, पाच मिनिटं आवराआवर. अक्षरं ‘क ते ज्ञ’ अशा ओळीने घेऊ नका. क, म, ल, र आणि काना एवढं घेतलं की काम, कला, मला, माल, करा, कमल, कमाल असे शब्द पहिल्याच आठवड्यात वाचून होतात. पूर्ण मुळाक्षरं संपेपर्यंत शब्दाची वाट पाहायला लावली की मूल अक्षरं ओळखतं पण जोडत नाही. अक्षर पायरीवर वर्षभर बसून राहणारी बरीच मुलं अशीच तयार झालेली असतात.

शब्द पायरीवरून परिच्छेदावर जाताना मुलं अडतात ती जोडाक्षरांवर आणि रफारावर. त्यासाठी सलग तीन आठवडे राखून ठेवा: आधी स्वतःच्या अक्षराची जोडणी, जसं पक्का, डब्बा, मग स्त, स्क, ल्प, शेवटी सूर्य, प्रकाश, राष्ट्र अशी र ची रूपं. हे सगळं इतर मजकुरात आपोआप येईल असं धरलं तर काही मुलांना ते कधीच येत नाही.

सुरगाणा-पेठकडे कोकणी (कोकणा आदिवासींची बोली), बागलाण-मालेगावकडे अहिराणी घरात बोलली जाते. शिक्षक बाहेरचा असेल तर पहिल्या महिन्यात आई-आज्यांकडून शंभर शब्दांची यादी करून घ्यावी: घर, भांडी, जनावरं, नाती, शेतकाम. गोष्टीवरचे प्रश्न बोलीत विचारले आणि उत्तर बोलीत आलं तर ते बरोबर धरायचं. प्रमाण मराठी हळूहळू येते. मालेगावातल्या उर्दू शाळांना अक्षरांची क्रमवारी वेगळी लागेल, तास आणि मोजणीचा सांगाडा तोच चालतो.

पैसे कुठे लावायचे

समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून येणारं संमिश्र शाळा अनुदान पटावर ठरतं: ३० पर्यंत १०,००० रुपये, ३१ ते १०० ला २५,०००, १०१ ते २५० ला ५०,००० रुपये. त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. हा निधी बऱ्याचदा आर्थिक वर्षाच्या शेवटी हातात पडतो आणि मार्चअखेर खर्च करण्याची घाई होते. घाईत रंगकाम होतं, कारण त्याचं बिल लगेच मिळतं आणि फोटो छान येतो. म्हणून खरेदीची यादी शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावासह डिसेंबरातच तयार ठेवा. क्रम असा: मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी आणि कडी, थकलेलं वीजबिल, मग गोष्टींची पुस्तकं आणि कार्डं, मग फळा दुरुस्ती. भिंती सर्वांत शेवटी. पुस्तकं कपाटात कुलूपबंद ठेवायची असतील तर घेऊ नका. दोरीवर टांगा, फाटली तर फाटू द्या.

पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतून ५ टक्के अबंध निधी मिळतो आणि आरोग्य, स्वच्छता, शिक्षण हा त्याच्या खर्चाचा एक ठरलेला भाग आहे. मागणी मुख्याध्यापकाने ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा ग्रामसेवक) करून भागत नाही. ती ग्रामसभेत पालकांनी मांडायला हवी, तीही आराखडा मंजूर होण्याआधी.

केंद्रप्रमुखाचा महिना

२४ शाळादिवसांतला एक दिवस केंद्रातल्या शिक्षकांच्या मासिक शिक्षण परिषदेला आणि सहा बैठका व कार्यालयाला जातात असं धरलं तर १७ उरतात. ११ शाळांना एकेक भेट, उरलेल्या सहा भेटी सर्वांत अडचणीच्या तीन शाळांना दोन-दोन. याहून जास्त भेटींचं नियोजन केलं तर त्या पंधरा मिनिटांच्या होतात.

भेट अडीच तासांची. तासभर मागे बसून वाचनाचा तास पाहायचा, मध्ये बोलायचं नाही. अर्धा तास पाच मुलांचं वाचन ऐकायचं. नंतर शिक्षकाशी अर्धा-पाऊण तास बोलायचं. काय चांगलं चाललंय ते एक आणि पुढच्या भेटीपर्यंत काय बदलायचं ते एक. शेरेपुस्तकात एवढ्या दोनच ओळी. सात सूचना लिहिल्या की शिक्षक सर्वांत सोपी निवडतो, बहुधा तक्ता अद्ययावत करण्याची. दप्तर तपासणी त्याच भेटीत उरकण्याचा मोह टाळा. कीर्द उघडली की मुख्याध्यापकाचं लक्ष वर्गात राहत नाही, तुमचंही नाही.

केंद्रप्रमुखाचं पद रिक्त आणि कार्यभार एखाद्या मुख्याध्यापकाकडे असेल तर ११ भेटी होणार नाहीत, आणि त्या झाल्या असं दाखवूही नये. तिथे शेजारच्या दोन-दोन शाळांच्या जोड्या लावा. महिन्यातल्या एका शनिवारी, सकाळच्या शाळेत, एकेका शिक्षकाने जोडीच्या शाळेत जाऊन तास पाहायचा.

शिक्षण परिषदेतली भाषणं आणि सत्कार बंद. यजमान शाळेच्या खऱ्या मुलांवर तासभर पाठ, त्यावर तासभर बोलणं, तासभर पुढच्या महिन्याचं साहित्य बनवणं. सूचना छापून हातात द्या, वाचून दाखवू नका. पाठ फसला तर उत्तम, चर्चेला काहीतरी मिळतं. नमुना पाठाची मुलं आधी घोटून घेतलेली असतील तर परिषदेचा दिवस वाया गेला असं समजा.

समिती आणि स्थलांतर

शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असं कायदा सांगतो. सभेचं इतिवृत्त घरोघरी सह्या घेऊन पूर्ण करण्याची पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे. सभा मजुरीच्या वेळेत ठेवली की दुसरं काही होत नाही. संध्याकाळी सातला ठेवा, पाऊण तासाची, आणि सुरुवात मुलांच्या वाचनाने करा. स्वतःचं मूल गोष्ट वाचतंय की अक्षर शोधतंय हे आईला शाळेत न गेलेली असली तरी कळतं.

शाळा विकास आराखडा कायद्याच्या आदर्श नियमांनुसार तीन वर्षांचा असतो आणि त्यात तीन वार्षिक उपआराखडे असतात. म्हणजे तीन वर्षांचा वेग कायद्यातच आहे, आपण तो फक्त वापरायचा. आराखड्यात खोल्या आणि कुंपण यांच्या जोडीला एक ओळ घाला: कोणत्या पायरीवर किती मुलं आहेत आणि पुढच्या एप्रिलला किती अपेक्षित आहेत.

स्थलांतराची यादी दसऱ्याआधी व्हायला हवी. दिवाळीनंतर केली तर ती गेलेल्यांची यादी होते. कुटुंब कुठे जाणार, मुकादम कोण, मूल आजीकडे राहू शकतं का, एवढं विचारा. राहू शकत असेल तर हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव लगेच पाठवा, मंजुरीला वेळ लागतो. जाणारच असेल तर शिक्षण हमी कार्ड आणि वाचनाची पायरी लिहिलेली चिठ्ठी सोबत द्या आणि तिकडच्या बालरक्षकाला (शाळाबाह्य मुलांकडे लक्ष ठेवणाऱ्या शिक्षकाला) फोन करा. दिंडोरी-निफाडच्या शाळांनी लक्षात ठेवायचं ते शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५: दाखला आला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. अशी आठ-दहा मुलं अचानक आली तर शिक्षक त्यांना मागे बसवतो, कारण त्यांचं पुस्तक, पट, चाचणी काहीच त्याच्या नावावर नसतं. पायरीच्या तासात मात्र ती त्याच दिवशी गटात बसू शकतात.

दुसरं आणि तिसरं वर्ष

दुसऱ्या वर्षी गणित घ्यायचं की नाही हे तारखेवर ठरवू नका. एक अट ठेवा: आठवड्यातल्या पाचपैकी चार दिवस वाचनाचा तास खरोखर होतो अशा शाळा किमान आठ असाव्यात. नसतील तर दुसरं वर्षही वाचनाचंच. असतील तर गणितासाठी रोज ४५ मिनिटं: संख्याज्ञान, हातच्याची बेरीज-वजाबाकी, गुणाकार, भागाकार याच पायऱ्यांनी, काड्यांचे गठ्ठे आणि खोट्या नोटा घेऊन. वाचनाचा तास तेव्हा ४५ मिनिटांवर आणा. दोन्ही पूर्ण ठेवले तर परिसर अभ्यास आणि खेळ उडतात.

निपुण भारतचं लक्ष्य वर्ष २०२६-२७ आहे, त्यामुळे वरून विचारणा वाढेल. विचारणेला आहे तोच आकडा द्या. एकदा वाढवून दिला की पुढच्या वर्षी त्याच्याही वरचा द्यावा लागतो.

सगळ्यात मोठा धक्का बदल्यांचा असतो. मे महिन्यात यादी लागते आणि अवघड क्षेत्रातल्या शाळेचे दोन्ही शिक्षक एकदम बदलू शकतात. त्यासाठी प्रत्येक शाळेत एक पातळ फाइल हवी: पायऱ्यांची नोंद, तासाचं वेळापत्रक, कार्डांचा संच, बोलीतल्या शब्दांची यादी, गावातल्या चार उपयोगी माणसांची नावं. सोबत समितीतली एखादी आई, जिने तास कसा चालतो ते पाहिलेलं आहे. नव्या शिक्षकांना जूनमध्ये दोन दिवस जोडीच्या शाळेत बसवा. ज्या वर्षी केंद्रातले तृतीयांशाहून जास्त शिक्षक बदलतील त्या वर्षी नवं काहीही सुरू करू नका, मग आदेश काहीही असो.

त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या हिवाळीची शाळा वर्षभर, दिवसाचे बारा तास चालण्यासाठी ओळखली जाते. ती पाहायला जरूर जावं. मुलं एकमेकांना कशी शिकवतात, शाळेची जागा कशी वापरली आहे, हे उचलण्यासारखं आहे. वेळापत्रक मात्र उचलू नये. एखाद्या शिक्षकाने आपणहून दिलेलं आयुष्य हे केंद्रातल्या २८ जणांचं कर्तव्य म्हणून लादता येत नाही. लादलं तर पहिल्या बदलीला सगळं खाली बसतं. आपल्या योजनेची परीक्षा अशी घ्या: दोन लहान मुलं घरी असलेली, रोज चाळीस किलोमीटर ये-जा करणारी शिक्षिका शाळेच्या वेळेत हे सगळं करू शकते का? नसेल तर योजना कमी करा.

तिसऱ्या वर्षी नवीन विषय नको. पहिलीत येणाऱ्या मुलांची सुरुवात नीट लावा, अंगणवाडीसोबत महिन्यातून एकदा बसा आणि ज्या शाळांत सलग दोन टप्पे पुनर्तपासणीत आकडे जुळले त्यांच्या मासिक भेटी बंद करून तिमाही करा. तिथून वाचलेले दिवस शेजारच्या केंद्राला द्या. तिथेही सुरुवात जूनच्या कामाच्या यादीपासूनच करायची, आपल्याकडची तयार कार्डं आणि तक्ते लगेच पाठवून नव्हे. अगदीच मागे असलेल्या दोन-तीन शाळांना चौथं वर्ष लागेल. त्या कोणत्या, हे तिसऱ्या वर्षाच्या जानेवारीत ठरवून गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवा, म्हणजे मे मधल्या बदल्यांत तिथली पदं रिक्त राहू नयेत यासाठी वेळेत पाठपुरावा करता येतो.